ढोबळेकाकांचा डब्बा

पहिल्याच भेटीत मी ढोबळेकाकांना त्यांच्याच घरात पाणी पाजलं. समता कॉलनीतली त्यांची वरची खोली भाड्यानं बघायला गेले होते. वर पाणी चढतं का, हे विचारायचं होतं, पण मी नुसतंच "पाणी?" म्हटलं आणि ते म्हणाले, "हव." मी पुण्याची. मला ऐकू आलं 'हवं'. कोपऱ्यात माठ होता. गेले, पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गटागटा पिऊन टाकलं. "आता तू देऊनच राहिली तं पेतो बापा," म्हणाले. छत्तीसगडात 'हव' म्हणजे 'हो', हे मला आठवड्यानं कळलं.

तेव्हा राज्य नवं होतं. शंकर नगरातल्या आमच्या कार्यालयात खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, आणि मी मात्र सगळ्यांना शिकवायला आल्यासारखी वागत होते. घरीही तेच. काका "मले" म्हणाले की मी "मला" म्हणायची. "काहून" म्हणाले की "का". आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. काका नुसते हसायचे. "तुयी मराठी इस्त्रीची हाय, पोरी," म्हणायचे. "आमची दोरीवरून काढली का घातली."

रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं रिव्हेट ठोकले होते. निवृत्तीत निरोपाचा नारळ मिळाला आणि कानात एक शिट्टी, जी कधी थांबतच नव्हती. काकू गेल्यावर कुणीतरी त्यांना ध्यान करा म्हणून सांगितलं. डोळे मिटले की शिट्टी वाढायची. मग कुठल्याशा हिंदी मासिकात त्यांनी वाचलं की परदेशात लोक काळोख्या पेटीत, कोमट खाऱ्या पाण्यावर तरंगत पडून राहतात. आत ना उजेड, ना आवाज. झालं! दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत करवत सुरू.

त्यांनी त्याला कधी पेटी म्हटलं नाही. डब्बाच. "जिंदगीभर दुसऱ्यायचे डब्बे दुरुस्त केले, हा माया सोताचा," म्हणायचे. प्लायवूडचा सांगाडा, आत दुहेरी ताडपत्री, बाहेरून थर्माकोल, त्यावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या. पायाशी एक जाड दार, बाहेर ढकलायचं. हवेसाठी वाकडा पाइप. मिठासाठी आम्ही दोघं खताच्या दुकानात गेलो, कारण मॅग्नेशियमचं मीठ पोत्यांनी तिथेच मिळतं. दुकानदारानं विचारलं, कितने एकड़ में डालना है? काका गंभीरपणे म्हणाले, "डालना नहीं है भैया, लेटना है." त्या माणसाचं तोंड पाहून मी दुकानाबाहेर जाऊन हसले.

पहिल्या दिवशी तासाभरानं काका बाहेर आले ते मिठानं पांढरेफटक. "आत तं पूरा कारखाना चालू हाय व," म्हणाले. मी म्हटलं, मग सोडा हा नाद. तेव्हा टॉवेलनं कान पुसत त्यांनी सांगितलं ते मी विसरू शकत नाही. काकू शेवटी फार हळू बोलायच्या. गेल्या त्या दुपारी त्यांनी काकांचा हात धरून काहीतरी सांगितलं. काकांनी दोनदा विचारलं, काय म्हणतेस? त्यांनी दोनदा सांगितलं. "मले आयकूच नाई आलं, पोरी. शिट्टीच आयकू आली." एवढं बोलून ते मीठ झटकत बसले. त्यानंतर मी त्यांना 'मले'चं 'मला' करून दिलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

त्यांची मुलगी वर्षा भिलाईला राहायची आणि रविवारी यायची. बापाची मराठी तिला सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. डब्बा पाहून ती रडकुंडीला आली. बाप काही ऐकेना, तेव्हा तिनं एक अट घातली: आत असताना रोज कुणीतरी दार ठोठावून विचारायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, अजिबात काळजी करू नका, मी आहे ना! तेव्हापासून ऑफिसला निघताना मी दारावर थाप मारायची आणि ओरडायची, "काका, बरं आहे ना?" गाद्यांमधून दबका आवाज यायचा, "हव." मग मी जायची.

दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी काका अंगणात माझी वाट बघत उभे होते. डोळे लाल. म्हणाले, "आज पाच मिनिटं कानातली मशीन बंद पडली होती." मला एवढा आनंद झाला की मी त्यांना वाकून नमस्कार केला. आता पाचाची दहा होतील, मग अर्धा तास, असं आम्ही ठरवूनच टाकलं.

ती अर्ध्या तासाची वेळ आली नाही. नंतरच्या एका सकाळी मला उशीर झाला होता. साहेबांची बैठक, माझ्या हातात फाइल, बाहेर रिक्षावाला हॉर्न देतोय. दारावर थाप मारली आणि एका दमात विचारलं, "काका, बरं आहे ना? की दार उघडू?"

"हव," काका म्हणाले.

मी गेले. दोन प्रश्न विचारले होते आणि उत्तर एकच आलं होतं. मला सोयीचं होतं ते मी घेतलं.

अकराला कामवाली आली तेव्हा दार चार बोटं उघडलेलं होतं. त्यांची डावी बाजू गेली होती. उजव्या पायानं त्यांनी ढकलून पाहिलं असणार. पाण्यानं मात्र त्यांना बुडू दिलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, झटका नऊच्या आसपास आला असावा, तेव्हाच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी थाप मारली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तीन दिवस काका माझ्याकडे बघत होते. ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. मी कान त्यांच्या तोंडाशी नेऊन विचारत राहिले, काय म्हणताय काका? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले.

तेरवी झाल्यावर वर्षा आणि मी डब्बा मोडायला बसलो. बादल्यांनी पाणी उपसलं, गाद्या उन्हात टाकल्या. मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं होतं. मी तिला सगळं सांगितलं: उशीर, दोन प्रश्न, एक 'हव'. काही लपवलं नाही, रडलेही नाही, कारण रडण्याचा हक्क तिचा होता. ती ताडपत्रीची घडी घालत होती. घडी पूर्ण केली, बाजूला ठेवली.

"दीदी," ती म्हणाली, "मराठी तो आपको हमसे अच्छी आती है ना? वो 'हव' किस सवाल का था?"

टोमणा असता तर मी सोसला असता. ती खरंच विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.