कल्हईवाल्याच्या शेवया

महाराष्ट्र झाला त्या सुमाराला बीबी गावच्या बाजारात भाता मांडून बसणारा एक कल्हईवाला होता. त्याने आपली चूक कधी कबूल केली नाही. तापलेल्या पातेल्यात कथील फिरवून झालं की ते आईसमोर धरायचा, "पाहा वैनी, तोंड दिसते याच्यात." डाग दाखवला तर आईलाच डोळे पुसायला सांगायचा.

आमच्या घरातलं एकूणएक भांडं त्याच्या हाताखालून गेलेलं. तरी ईदेला तो शेवया, साखर, खारका असं कोरडंच आणून द्यायचा. त्याच्या घरचं शिजलेलं आमच्यात चालत नाही, हे त्यानेच धरून ठेवलं होतं आणि आम्हीही कधी खोडलं नाही. मग ओट्यावर बसून हुकूम सोडायचा, "दूध निम्मं आटू द्या. शेवया तुपात लाल करा." कोनाड्यात त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली वाटी होती. तीत खीर चाखून म्हणायचा, "शेवया कच्च्या राह्यल्या."

एका ईदेला आई चिडली. "इतकं येते त पुढच्या साली तुमीच शिजवून आना!"

पुढच्या ईदेला तो झाकलेलं पातेलं घेऊन आला, पण पायरी चढेना. आईने पातेलं घेतलं, कोनाड्यातली त्याची वाटी काढली आणि त्याच्यासमोर उभ्यानेच भरून खाल्ली.

"दूध आटलं नाही," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "हाव वैनी. घाई झाली."

मग वाटी माझ्याकडे आली. दूध चांगलं निम्म्याच्या वर आटलेलं होतं.