डावा चार, उजवा पाच

नागपुरात माणसाच्या तोंडाकडे न बघता नुसत्या पायांवरून ओळख ठेवणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लोकांना साडू म्हणून डॉक्टर मिळतात, वकील मिळतात, गेला बाजार एखादा संत्र्याच्या बागेचा मालक तरी मिळतो. मला बायकोच्या थोरल्या बहिणीबरोबर हे रत्न मिळालं. ते सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढायला होते. दिवसभर लोकांच्या शेतांच्या हद्दी कागदावर उतरवायच्या आणि संध्याकाळी लोकांचे पाय. वीस वर्षांत त्यांनी मला रस्त्यात कधी "कसे आहात?" असं विचारलं नाही. समोरून आले की नजर थेट खाली, आणि लगेच, "भाऊ, डावी टाच आतून झिजून राहिली तुमची. चप्पल बदला." एकदा मी मिशी काढली. महिनाभर रोज भेटत होते, पण गृहस्थांना पत्ता नाही. त्याच महिन्यात मी नवे मोजे घातले, तर फाटकातूनच ओरडले, "जाड आहेत हो, घाम धरतीन!"

पळण्याच्या बुटांवर तर त्यांचा विशेष अधिकार. स्वतः ते जन्मात एकदाच पळाले, मोजणीला गेले असताना कुत्रा मागे लागला तेव्हा, आणि तेही म्हणे चपला हातात घेऊन. पण अनुभव नसला की अधिकार वाढतो, हे मी सरकारी नोकरीत रोजच पाहत होतो. त्यांचे नियम ठरलेले होते. बूट सकाळी घ्यायचा नाही, कारण सकाळचा पाय आखडलेला असतो. दिवसभर राबून संध्याकाळी फुगतो तो खरा पाय. जे मोजे घालून पळायचं तेच घालून दुकानात जायचं. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी, मागे टाच हलता कामा नये, आणि बूट हातात धरून वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मधेच मोडला तर उठून चालू लागायचं. एप्रिल-मे महिन्यांत तर खरेदीच बंद. "नागपूरच्या उन्हाळ्यात पाय खोटं बोलते, भाऊ," असं ते गंभीरपणे सांगत. मग जून उजाडेपर्यंत आमच्या अख्ख्या खटल्यात कुणी बूट घ्यायचे नाहीत.

आमच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी सकाळी भरभर चालायला सांगितलं, तेव्हा बूट घ्यायला हेच त्यांना सदर बाजारात घेऊन गेले. मीही गेलो, तमाशा फुकट बघायला मिळतो तर सोडा कशाला? दुकानात सातवा जोड पायात चढवल्यावर हे म्हणाले, "मामाजी, बसल्या बसल्या काय कळते? पळून पाहा ना." सासरे शिस्तीचे, सेवानिवृत्त हेडमास्तर. जावयाची आज्ञा प्रमाण मानून त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि दुकानांच्या रांगेपुढून जी धूम ठोकली ती थेट कोपऱ्यापर्यंत. मागून दुकानाचा माणूस "अरे पकडो, जूता लेके भाग रहा है!" म्हणत सुटला. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हेडमास्तरांना मिठी मारून थांबवलं, तो निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी. या सगळ्या गोंधळात साडू शांतपणे दुकानाच्या पायरीवर उकिडवे बसलेले. सासरे धापा टाकत परत आले तर म्हणतात कसे, "उजवी टाच उचलून राहिली. हा नको."

लग्नाला गेले की हे मांडवात नसायचे, मांडवाबाहेर चपलांच्या ढिगापाशी असायचे. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला नेलं, तर सगळे मुलीचा रंग, शिक्षण, स्वयंपाक विचारताहेत आणि हे दाराबाहेर तिच्या चपला उलट्यापालट्या करून बघताहेत. बाहेर पडल्यावर निकाल दिला, "पंजा रुंद, चप्पल अरुंद. तीन वर्षं कापून राहिली असन, पण पोट्टी बोलली नाही. हो म्हणून द्या, आपल्या घरात टिकन." गंमत अशी की ती खरंच टिकली, आणि त्या घरात टिकणं काय चीज आहे ते आम्हालाच ठाऊक.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग त्यांची नजर माझ्या मुलीच्या पायांवर गेली. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझी मुलगी नववीत होती आणि आठशे मीटरच्या शर्यतीत पळायची. मुलगी चड्डी घालून मैदानावर पळते, याचंच तेव्हा आमच्या मोहल्ल्याला केवढं अजीर्ण! पण पोरगी हट्टी, माझ्यावर गेलेली. त्या वर्षी विभागाची निवड शर्यत नागपुरातच होती आणि पहिली येईल ती एकटीच राज्य स्पर्धेला जाणार होती. दुसरीला काही नाही. पोरीनं त्या एका जागेसाठी वर्षभर पहाटे उठून पाय झिजवले होते, आणि मी ऑफिसात आताच सांगत सुटलो होतो की जाणार म्हणजे जाणारच.

बूट मी घेऊन ठेवले होते. कसे, ते सांगायला नकोच. तुमच्याही वडिलांनी तसेच घेतले असतील. वाढत्या अंगाचे, एक नंबर मोठे, आणि पुढे कापसाचा बोळा. साडू घरी आले, पाहुण्यांसमोर त्यांनी ते बूट उचलले, आतून कापूस ओढून काढला आणि चहाच्या कपांशेजारी मांडून ठेवला. "हे काय, भाऊ? गादी भरून राहिले काय?"

"वाढतं वय आहे," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी बसतील."

"शर्यत पुढच्या वर्षी आहे काय? कापूस नाही पळत, भाऊ. पाय पळते."

लगेच पिशवीतून ट्रेसिंगचा कागद निघाला. पोरीला त्यावर उभी करून त्यांनी दोन्ही पायांची आखणी केली, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, खाली प्रमाण लिहिलं, आणि बराच वेळ त्या नकाशाकडे बघत बसले. मग जाहीर केलं की पोरीचे दोन पाय दोन गावचे आहेत. डावा चार नंबरचा, उजवा पाच. चार घेतला तर उजवा चिमटतो, पाच घेतला तर डावा सरकतो, आणि पोरीच्या डाव्या टाचेला सतत फोड येतात त्याचं कारण हे. फोड येतात हे मला बापाला ठाऊक नव्हतं. बायकोला होतं, पण तिनंही ते सरावाचे समजून सोडून दिले होते.

आता डावा बूट चारचा आणि उजवा पाचचा कोण देणार? सदरचा दुकानदार त्यांना हात जोडून म्हणाला, "साहब, ये जूता है, संतरा नहीं, के एक-एक छाँट के ले लो." तेव्हा साडूंनी तोड काढली. चारचा एक जोड आणि पाचचा एक जोड, दोन्ही घ्यायचे. एक मी घ्यायचा, एक ते घेणार. त्यातला डावा चार आणि उजवा पाच आपल्या पोरीला. उरला डावा पाच आणि उजवा चार. तर असे उलटे पाय असलेली दुसरी एखादी पोरगी शोधायची आणि उरलेला जोड तिला द्यायचा. म्हणाले, "वाया काहून जाऊ द्यायचा? देवानं एक पाय असा बनवला तर दुसरा तसाही बनवला असन ना."

पुढचे दोन महिने सरकारी मोजणी खात्याचा हा जबाबदार नोकर पोरीच्या पायाचा नकाशा उलटा धरून विदर्भभर फिरला. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहणं झालं, मौद्याच्या बाजारात दोन रविवार गेले, एका बारशात यजमानांनी जवळपास हाकलून दिलं. अखेर काटोलला, संत्र्याच्या बाजारात, पाणी मारलेल्या जमिनीवर त्यांना अनवाणी पावलं उमटलेली दिसली. डावं मोठं, उजवं लहान. नकाशेवाला माणूस, पट्टी काढून तिथेच मोजमाप केलं आणि त्या पावलांच्या मागे मागे निघाला. पावलं एका टोपलीवाल्या पोरीपाशी जाऊन थांबली. तिच्या आईनं हे सगळं पाहिलं होतं. ती कमरेला पदर खोचून पुढे आली, "काहून गा, या वयात माह्या पोरीच्या मागं मागं येऊन राहिला? लाज नाही वाटत?" चार माणसं जमली, दोघांनी बाह्या सरसावल्या. हे मात्र खाली बसले आणि पिशवीतून नकाशा काढून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीचा उजवा पाय एक नंबर लहान आहे, तुम्हाले माहीत आहे काय?" एवढं ऐकल्यावर मारायला आलेली माणसंही नकाशा बघायला वाकली.

हे सगळं मला फार नंतर कळलं. नागपूरला परतून त्यांनी तेव्हा आम्हाला एवढंच सांगितलं, "सापडली." मीही पुढे विचारलं नाही. नको त्या ठिकाणी चौकस असणारा माणूस मी, नेमका तिथे गप्प बसलो.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे मैदानावर. ट्रॅक कोळशाच्या राखेचा, अनवाणी पायाला किसणीसारखा. मुली ओळीत उभ्या राहिल्या आणि माझी नजर शेवटच्या पोरीवर गेली. काळीसावळी, काटकुळी, आणि पायात आमच्या पोरीच्या बुटांसारखेच हुबेहूब बूट. मी साडूंकडे वळलो. "ही कोण?"

"आपला उरलेला जोड," ते म्हणाले.

तेवढ्यात पिस्तूल वाजलं. पहिली फेरी आमची पोरगी पुढे होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती काटोलची पोरगी तिच्या खांद्याशी आली, आणि मग शेवटपर्यंत दोघी अशा पळाल्या की बाकीच्या मुली कुठे आहेत हे बघायचंही कुणाला सुचलं नाही. माझा घसा बसला. फीत तोडली ती काटोलच्या पोरीनं. हातभराचं अंतर.

मी धावत गेलो तर साडू राखेत मांडी घालून बसलेले. समोर दोघी पोरी, आणि हे त्यांचे बूट काढून टाचा बघताहेत. "फोड नाही," म्हणाले, "एकीलेही नाही." चेहरा असा उजळलेला, की जणू दोघी पहिल्या आल्या. माझं डोकं सणकलं. चारचौघांत, त्या परक्या पोरीसमोर, मी त्यांना वाटेल ते बोललो. माझ्या पोरीची जागा तुम्ही आपल्या हातांनी उचलून दुसरीच्या पायात घातलीत, म्हणालो. असा साडू असल्यावर माणसाला वैरी कशाला हवा, तेही म्हणालो. बायको दंड ओढत होती. ते मान खाली घालून ऐकत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी पिशवी उचलली, काटोलच्या पोरीला "बुटाची लेस सैल ठेव वं थोडी" असं हळूच सांगितलं आणि निघून गेले.

घरी पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती. मी जवळ बसून म्हणालो, "आता त्या माणसाला या घरात पाऊल ठेवू देणार नाही." तशी ती उठूनच बसली.

"मावसाजींना काही बोलू नका. त्यांनी मला आधी विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"म्हणाले, ही पोट्टी काटोलच्या शाळेकडून तुह्याच शर्यतीत आहे, अन् अनवाणी पळते. तू नको म्हणशील तर जोड माह्या घरी पडून राहीन, मी कोणाले सांगणार नाही. ते ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोललेच नाही. मग मीच म्हटलं, द्या."

बापानं बोलू नये ते मी बोललो, "मग आता रडतेस कशाला?"

"हरले म्हणून रडते. रडूही नको का?" म्हणाली, आणि पुन्हा उशीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीवर पेन्सिलीला टोक करत बसले होते. मी म्हणालो, चुकलं माझं. हे शब्द मी उभ्या आयुष्यात कधी वापरलेले नव्हते, त्यामुळे नीट बाहेर पडेनात. त्यांनी ते ऐकलेच नाहीत असं दाखवलं आणि विचारलं, "पोट्टी जेवली काय?"

"जेवली. पण तिनंच हो म्हटलं होतं, हे तुम्ही मैदानावर सांगितलं का नाही? मी एवढं बोलत होतो आणि तुम्ही ऐकत काय बसलात?"

ते पेन्सिलीच्या टोकाकडे बघत म्हणाले, "सांगतलं असतं तर तुम्ही तिच्यावर चिडले असते, भाऊ. ते बिचारी आत्ताच हरून राहिली होती. तिले अजून बापाचं बोलणं कायले? माह्यावर चिडले त्यात काय बिघडलं? मले सवय आहे."

त्यानंतरही मी त्यांच्यावर पुष्कळ चिडलो. पुढच्या वर्षी पोरगी राज्य स्पर्धेला गेली तेव्हा त्यांनी स्टेशनवर गाडी सुटता सुटता डब्यात चढून तिच्या लेस पुन्हा बांधल्या आणि आम्हाला त्यांना पुढच्या स्टेशनावरून आणावं लागलं, तेव्हा चिडलो. पोरीच्या लग्नात नवरदेवाला मांडवात खाली बसवून पाय मोजला, तेव्हा तर फारच चिडलो. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा स्वभाव काही बदलला नाही. एवढंच की आता घरात कुणाचं चुकलं तर माझा राग मधे अंगावर घ्यायला कुणी नसल्यानं सरळ त्याच्यावरच जातो.