हॉलतिकीट आणि रजेचा अर्ज

आमचे हे फौजेतून पेन्शन घेऊन पारगावला परत आले, त्या वर्षी मी दहावीचा फॉर्म भरला होता. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो. ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. माहीत होतं ते फक्त सासूबाईंना. त्यांना मी आत्या म्हणायची.

माझी शाळा आठवीतच सुटली. माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, हायस्कूल घोडेगावला, आणि मधली एसटीची गाडी आली तर आली. महिन्यातले निम्मे दिवस मी दप्तर मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसायची आणि ऊन चढलं की घरी परतायची. पुढं फॉर्मसाठी दाखला काढायला गेले, तर त्यावर शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं होतं, सतत गैरहजर.

मी क्लार्कला म्हटलं, "गाडी येत नव्हती हो."

तो म्हणाला, "ताई, गाडीला रकाना नाही."

ह्यांच्यापासून लपवलं ते एका थट्टेपायी. रजेवर आले की चारचौघांत सांगायचे, "हिचं पत्र वाचायला मला सायबाची दुर्बीण मागावी लागती." सगळे हसायचे, मीही हसायची. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण मला वाटायचं, एकदा पास झाल्याचा कागदच ह्यांच्या हातात ठेवावा, मग काय ते बोला.

मंचरला ओळखीचे फार, म्हणून फॉर्म जुन्नरच्या शाळेतून भरला. तिथल्या एक निवृत्त बाई मला गणित शिकवायच्या. घरातून निघायचं कसं, ती वाट आत्यांनी काढली. "लेण्याद्रीची चतुर्थी धरलीया म्हणून सांग. देवाला चाललीया म्हनल्यावर कोन इचारतंय? पन एक डाव खरंच डोंगर चढून ये बाई, न्हाईतर पाप माझ्या डोक्यावर."

ह्यांचं मात्र घरी मन लागत नव्हतं. कारखान्यावर वॉचमनची जागा होती, पुण्यात बँकेत गार्ड होता येत होतं. माजी सैनिकांच्या कोट्यातून आयटीआय करा, वायरमन व्हा, असंही कोणी सुचवलं. त्यावर हे म्हणाले, "चाळिशीला आलो, आता पोरांच्या बाकावर बसू व्हय?" मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. दारूगोळ्याच्या, सामानाच्या डेपोंच्या पहाऱ्यासाठी फौज जुन्या जवानांना पुन्हा भरती करून घेते, तिकडंही त्यांनी अर्ज टाकला होता.

जानेवारीत तिथूनच बोलावणं आलं. डेपो दूर मध्य प्रदेशात, फेब्रुवारीत हजर व्हायचं. राहायला क्वार्टर, आवारात केंद्रीय शाळा. आमचा मुलगा तेव्हा चौथीत होता. हे कागद घेऊन ओसरीवर बसले.

"इतकी वर्षं एकट्यानं काढली. आता जाईन तर तुमास्नी घिऊनच. तुझी हितं काय अडचण हाय का? असंल तर आत्ताच सांग. न्हाई जात."

आत्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "माझी कसली अडचण?"

हे गोठ्याकडं गेल्यावर आत्या एवढंच बोलल्या, "तोंड शिवलं व्हतं का गं तुजं?"

फेब्रुवारीत आम्ही तिघं डेपोवर राहायला आलो, आत्या पारगावातच राहिल्या. या नोकरीला मी नावं ठेवणार नाही. घरात नळ, कोपऱ्यावर दवाखाना, मुलाला चांगली शाळा. माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या बाईनं आणखी काय मागावं? पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी आणली होती. ती मी बाहेर काढलीच नाहीत.

मार्चात एका दुपारी पारगावचं पाकीट आलं. अक्षरओळख नसलेल्या आत्या एकट्या जुन्नरला जाऊन माझं हॉलतिकीट घेऊन आल्या होत्या. पत्ता शेजारच्या मुलीकडून घातलेला, नेहमीसारखा ह्यांच्या नावानं. त्यामुळं फोडलं ह्यांनीच. वर दाखल्यावरचं, माझं माहेरचं नाव.

"ही तर तूच. ह्ये कवा?"

"ऑगस्टात."

"मी इचारलं व्हतं तुला."

"व्हय."

ह्यांनी उतरवलेली वर्दी पुन्हा चढवली आणि बाहेर पडले. तासाभरानं आले ते घामानं भिजून, हातात रजेचा अर्ज, साहेबाची सही झालेली.

"संध्याकाळच्या गाडीनं निघालो तर परवा पोचतो. मराठीचा पेपर गेला. पन गणित, इंग्रजी, शास्त्र घावंल. पास झालेले इषय धरत्यात, बोर्डाचं ठाऊक असलेल्या एका शिपायाला इचारलं मी. राहिलेलं आक्टोबरात दे. चल, कापडं भर."

मी म्हटलं, "पोराची इथल्या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे."

"तिला तीन आठवडं हायेत."

"त्याचा अभ्यास बुडेल."

हे मग म्हणाले, "तुला जायचं न्हाई का?"

मी स्टोव्हला पंप मारायला लागले. त्यांनी अर्जाची घडी घातली आणि तो परत द्यायला गेले.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. पोरींच्या रांगेत बसायचं, पेपर हातात यायचा आणि त्यातलं काहीच यायचं नाही, ह्याची. जायची सोय नव्हती तोवर मला माझी दहावी गेल्याचं दुःख करता येत होतं. सोय झाली आणि मीच मागं सरले.

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. इतक्या वर्षांत जो भेटेल त्याला सांगत आले, ह्यांच्या नोकरीपायी माझं शिक्षण राहिलं. मुलगा आता बारावीला आहे, तोही तेच धरून चाललाय. मागच्या महिन्यात गावाकडचे पाहुणे क्वार्टरवर आले होते. मुलाच्या शिक्षणाचं कौतुक चाललं होतं, त्या ओघात मी पुन्हा तेच बोलले. हे शेजारीच बसले होते.

"व्हय पावणं," हे म्हणाले, "माझ्यापायीच राहिलं तिचं." आणि पाहुण्यांच्या कपात आणखी चहा ओतायला लागले.