मोहाखालचा पाला

लटारूला पगाराची पहिली नोकरी लागली ती हवा धरण्याची. शहाऐंशी सालची गोष्ट. अहेरीजवळच्या त्याच्या गावात वीज नुकतीच आली होती. नागपूरच्या एका साहेबांनी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर लोखंडी पेटी बसवली. पेटी घरघरत हवा ओढायची, आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसायची. तो कागद रोज बदलून पाकिटात ठेवायचा, एवढंच लटारूचं काम.

जाताना साहेबांनी समजावलं होतं. उत्तर ध्रुवावर नुसता बर्फ, माणूस नाही की चूल नाही. तरी परदेशातले शास्त्रज्ञ विमानातून तिथली हवा गाळतात तेव्हा कागदावर काजळी येते. ती दूरदेशच्या धुराची. कुठल्या मुलखाचा धूर कसा असतो, ते ओळखायला ही पेटी.

लटारूने सरळ अर्थ लावला: चौकशी लागली आहे. सरकारी माणूस जंगलात धुराबद्दल आणखी कशाला विचारतो? आणि मोहाचा हंगाम तर तोंडावर. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची गावाची रीत. कागद काळा निघाला की गाव पकडलं जाणार आणि आपली नोकरी जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं. तो शेजारच्या धुरपताबाईकडे गेला.

"बाई, अवंदा पाला नोका जाळू."

"काऊन गा?"

"धूर पार बर्फाच्या मुलखात जाते."

"कोन राह्यते तिथी?"

"कोनीच नाई."

"मंग खोकला कोनाले येते?"

लटारूने तिच्या दारातला खराटा उचलला.

"मी पाला झाडून देतो," तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या साऱ्या बाया आपापलं झाड दाखवायला हजर. लटारू खराटा घेऊन वाकला तो हंगामभर वाकलेलाच. झाडलेला पाला वारा परत आणून टाकायचा. बायको सुकरी टोपली घेऊन मागे असायची.

"घरचं आंगन कधी झाडलं नाई, आन् जंगल झाडून राह्यला!"

पण कागद कसे स्वच्छ निघत!

हंगाम संपताना साहेब आले. एकेक पाकीट उघडत गेले, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"लटारू, मोहाखालचा धूर कुठे आहे?"

"एकबी काडी पेटू नाई देल्ली जी!" लटारू छाती काढून म्हणाला.

साहेब जिन्यावरच बसले. "अरे, तोच धूर धरायला तर पेटी इथे आणली!"

लटारूने खिशातली काडेपेटी काढली. "मंग आता पेटवतो जी. पाल्याचे ढीग पडले आहेत."

"नको! मुद्दाम केलेला धूर काय कामाचा?"

"मंग पेटी नेता काय?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "राहू दे. पुढच्या हंगामापर्यंत तूही राहा. पण त्या वेळी धूर नाही मिळाला, तर पेटी नेईन. आणि पेटीखेरीज कशालाही हात लावू नकोस, बाबा!"

लटारू धावत धुरपताबाईच्या दारात. "बाई, पुढल्या साली खुशाल जाळा पाला!"

"आमी कायले जाळू?" बाई मोहाची फुलं पसरत म्हणाली. "झाडल्या जागेवरचं फूल कसं साफ भेटते, राख नाई लागत. पुढल्या साली माह्या झाडापासून सुरू करजो."

लटारूने तिथेच हात जोडले. "बाई, नोकरीचा सवाल आहे. जाळा वो!"