पेंढी न सोडता

तलवाड्याजवळच्या त्या चारा छावणीचं नाव निघालं की अजूनही माझं डोकं फिरतं. दुष्काळात एका सहकारी संस्थेने ती काढली होती आणि तिथल्या कंप्युटरवर मी रोज बीडहून येऊन बसायचे. हजारावर जनावरं. सकाळी प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि तोंडाचा फोटो घ्यायचा, एकच म्हैस दोनदा दाखवली नाही ना ते तपासायचं, मग यादी. यादी हातात आल्याशिवाय चाऱ्याच्या ट्रकचा दोर सोडायचा नाही, असा चेअरमनचा हुकूम. आणि यादी निघेपर्यंत दुपार व्हायची.

फोटो घेणारा प्रोग्रॅम सी भाषेतला, पुण्याच्या एकाने लिहिलेला. तपासून यादी काढणारा माझा, पायथनमधला. कंप्युटरला फोटो म्हणजे लाखो आकडे; त्याचा प्रोग्रॅम त्यातला एकेक आकडा अक्षरांत लिहून फाइलमध्ये टाकायचा. माझा ती मारुतीच्या शेपटासारखी फाइल वाचून अक्षरांचे पुन्हा आकडे करायचा. फोटो तोच, कंप्युटर तोच, आणि सगळी सकाळ या उलथापालथीत जायची. मी फोनवर म्हणायचे, तुमचं लिहिणं हळू आहे. तो म्हणायचा, तुमचं वाचणं हळू आहे. आम्ही दोन शिकलेली गाढवं तीन आठवडे हेच करत होतो.

समोरच्या दावणीला एका म्हाताऱ्याची म्हैस होती. एकुलती एक, आजारातून नुकती उठलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला सकाळी लवकर चारा पडलाच पाहिजे. म्हातारा रोज खिडकीशी यायचा.

"ताई, माझी बसली तर उठायची न्हाई. माझ्यापुरतं तरी आधी सोडा."

मी चेअरमनना विचारलं. ते खेकसले, "एकाला दिलं तर समदे बोंबलत येतील. तुमचा कंप्युटर काहून रेंगाळतो, ते बघा आधी!" मला भयंकर राग आला, कारण माणूस खरं बोलत होता.

एका दुपारी, चारावाटप चालू असताना, म्हाताऱ्याने विचारलं की आत एवढा वेळ चालतं तरी काय. मी सांगितलं. त्याने ट्रककडे बोट केलं. कडब्याच्या पेंढ्या या हातातून त्या हातात चालल्या होत्या.

"मधी कुणी सोडून पुन्यांदा बांधतंय का, ताई? हाय तशी फुडं द्यायची."

हे मला माहीत नव्हतं थोडंच! माहीत असून होत नव्हतं, संताप त्याचाच होता. दोन्ही प्रोग्रॅमना मेमरीतली एकच जागा द्यायची. तिथे बिल्ल्यांची नोंद कुठे, फोटो कुठे, हे आधी ठरवायचं. पुणेकराने तिथे ठेवायचं, मी तिथूनच बघायचं. मध्ये फाइल नाही, अक्षरं नाहीत. फक्त दोघांनी एकच आराखडा मान्य करायला हवा होता, आणि कुणाचा, यावर आमचं घोडं अडलं होतं. त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन केला आणि म्हटलं, तुमचाच आराखडा घेऊ. दोन दिवसांचं काम निघालं. फक्त दोन दिवसांचं!

तिसऱ्या सकाळी शेवटच्या जनावराचा फोटो झाला आणि चहा निवायच्या आत यादी तयार. ट्रकचा दोर सुटला. म्हाताऱ्याला आधी सांगायचं म्हणून मी धावतच दावणीकडे गेले.

खुंट्याला नुसतं दावं होतं. म्हैस आदल्या संध्याकाळी बसली, ती उठलीच नव्हती.

म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातून बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या, ताई. तुमच्यात लिव्हलेलं हाय, काढून टाका." त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी परत येऊन खुर्चीवर बसले आणि तो नंबर खोडला. एकाच जागी खोडला, दोन्ही प्रोग्रॅममधून गेला. क्षणभरही वेळ लागला नाही.