आधी ध, मग द

जूनचा पहिला सोमवार. मी लोणावळ्याच्या पोलीस ठाण्यात मुद्देमाल खोलीची तपासणी करत होते. त्या सकाळी आलेली तक्रार अजून जशीच्या तशी आठवते.

एका शिक्षणसंस्थेचे सचिव आले. शाळेचे जुने दाखले नुकतेच संगणकावर चढवले होते. एका पालकाने त्यांना कळवले होते, की एका मुलाच्या दाखल्यावर जात बदलून ‘बौद्ध’ केली आहे आणि तो राखीव जागेवर प्रवेश घेतो आहे. पाहिले तर बदल वरिष्ठ लिपिक बाईंच्या नावाने झालेला.

“आजच अटक करा मॅडम. संगणक खोटं बोलत नाही.”

“संगणक पासवर्ड ओळखतो साहेब, माणूस नाही.”

बाई वडिवळे गावच्या, बौद्ध घरातल्या. निवृत्ती तोंडावर. गुन्हा दाखल झाला असता तर निलंबन ठरलेले. मी त्यांना जबाबासाठी बोलावले. कार्यालयात शुद्ध बोलणाऱ्या बाई ठाण्यात बसताच गावच्या बोलीवर आल्या. घाबरलेल्या माणसाचे असेच होते.

“मावशी, पासवर्ड कुणाला माहीत आहे?”

“समद्यांना. मी जेवाया गेले की कुणीबी दाखला काढतं. काम अडाया नको.”

“आणि जुन्या दाखल्यांच्या कपाटाची किल्ली?”

त्यांचा हात कमरेकडे गेला. “ती न्हाई देत कुणाला.” मग एकदम म्हणाल्या, “मॅडम, आमच्याच लेकरांची जागा मी दुसऱ्याला दीन व्हय?”

मी त्यांनी भरलेले दाखले मागवले. सगळीकडे ‘बौध्द’. आधी अर्धा ध, मग द. टायपिंगच्या क्लासात बोटांना लागलेली ती चूक कधी सुटलीच नव्हती. वादातल्या दाखल्यावर मात्र शब्द बिनचूक.

मी संस्थेत गेले आणि एकेकाला तो शब्द टाइप करायला लावला. संगणक सहायक इंग्रजी अक्षरे दाबत होता, मराठी शब्द यंत्रच जुळवत होते. बाकीच्यांकडून ‘बौध्द’च उमटले; त्याचा मात्र ‘बौद्ध’, बिनचूक. एवढ्यावर कोर्टात काही सिद्ध होत नाही, पण विचारायला पुरते. मी त्याला बाजूला घेतले.

“दाखल्यावरचा मुलगा कुणाचा?”

“शेजारच्या काकांचा. त्यांनी गळ घातली, नाही म्हणता येईना.”

“आणि मावशींच्या नावावर ढकलताना काही वाटलं नाही?”

“रोज त्यांच्या डब्यातली भाजी खायचो, मॅडम,” म्हणाला आणि रडला. त्याच्यावर आणि काकांवर गुन्हा दाखल केला. वाईट वाटले, पण कलम लावलेच.

बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी डोळे पुसले. “म्हंजी माझं शुद्धलेखन चुकलं ते बरं झालं?”

“या खेपेला. आता सुधारा.”

“आन पासवर्ड?”

“तो आजच बदला. किल्लीसारखा सांभाळा.”

कार्यालयातली बरीच पापे लोभापेक्षा भिडेपोटी होतात, हे मी त्या प्रकरणात शिकले. यंत्र नवे आणले तरी भीड जुनीच राहते. आपल्या नावाने कोण काय करते यावर ज्याची त्यालाच नजर ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली आणि आमच्याच ठाणे अंमलदाराच्या संगणकावर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडली.