भिंती बंद होण्याआधी

बाबा गेल्यानंतर आई माझ्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आली, ती गप्पगप्पच होती. विचारलं तेवढंच बोलायची. तिला जिने चढायला नकोत म्हणून मी गॅरेजमध्ये तिच्यासाठी खोली करायला घेतली होती. भिंतींचे नुसते सांगाडे उभे होते, छतापर्यंत गेलेल्या लाकडांची रांग. त्या लाकडांना इथे स्टड म्हणतात. वायरिंग मी स्वतःच करणार होतो. परमिट काढलं, व्हिडिओ पाहिले आणि ऑफिसातून सुट्टी टाकली.

बाहेर पाऊस होता, इकडचा, आवाज न करणारा. खिडकीतून दुधाळ उजेड आत झिरपत होता. मी प्रत्येक स्टडच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीनं खूण करत होतो, कारण केबल ओवायचं भोक कडेला पडलं तर पुढे भिंतीच्या बोर्डांचे स्क्रू थेट केबलमध्ये घुसतात. ड्रिल फिरलं की लाकडाच्या पिवळसर वळ्या अलगद खाली पडायच्या. दाराशी आई शाल पांघरून बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे. ती वाकली, मूठभर भुसा उचलून तिनं नाकाशी नेला.

"सागवान नाही हे."

"नाही गं. फर आहे, इकडचं देवदारासारखं लाकूड."

"आमच्या आरागिरणीत सागाच्या भुशाचे ढीग असायचे. उन्हाळ्यात दुपारी मी तिथंच झोपायची. उठले की वेणीभर भुसा. मग आईची बोलणी."

आजोबांची बल्लारशाला आरागिरणी होती, एवढंच मला ठाऊक होतं. भुशावर झोपलेल्या त्या मुलीबद्दल मी कधी ऐकलंच नव्हतं. मी ड्रिल खाली ठेवलं.

"तुझे बाबा पहिल्यांदा तिथंच आले होते," ती म्हणाली. "दाराच्या चौकटीला लाकूड हवं होतं. लाकूड बघायचं सोडून..." ती थांबली आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

"मग? घेतलं का लाकूड?"

"घेतलं की. चुकीच्या मापाचं! परत यावं लागलं ना त्यांना."

मग तीच उठली. "आण, ते टोक मी धरते." मी भोकातून केबल सरकवायचो, ती पलीकडून हलकेच ओढायची. पिवळी केबल एकेका लाकडातून पुढे जात राहिली. आई बोलत राहिली, कधी मला, कधी बहुधा बाबांना. त्या उजेडात ती मला फार लहान दिसत होती, नुकतीच झोपेतून उठल्यासारखी.

काही दिवसांनी इन्स्पेक्टर आला. टॉर्चनं भोकं पाहून "नाइस वर्क" म्हणाला आणि सही करून गेला. भिंतींचे बोर्ड बसवायच्या आदल्या दिवशी आईनं चहाचा कप घेतला आणि दार सोडून सरळ दोन स्टडांच्या मधून, भिंतीतून खोलीत शिरली.

"उद्यापासून हे जमायचं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा आरपार गेली.